साडेआठ : अपुरेपणाचा हिशेब

फेदेरिको फेलिनी या इटालियन दिग्दर्शकाच्या १९६३ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाला रूढ अर्थाने नाव असे नाहीच. आहे तो एक आकडा, आणि तोही अपुरा. तोवर फेलिनीने सहा पूर्ण लांबीचे चित्रपट स्वतंत्रपणे दिग्दर्शित केले होते. अनेक दिग्दर्शकांनी मिळून केलेल्या दोन चित्रपटांत त्याचा एकेक भाग होता, तो त्याने अर्धा-अर्धा धरला. आणि १९५० साली अल्बेर्तो लात्तुआदाबरोबर केलेल्या पहिल्या चित्रपटातला आपला वाटा अर्धा मानला. बेरीज झाली साडेसात. हाती घेतलेला नवा चित्रपट जमेस धरला की साडेआठ. आपल्या कृतीचा विषय कोणता हे ज्याला सांगता येत नाही, त्याने निदान तिचा अनुक्रमांक सांगावा, असा हा प्रकार आहे. मराठीला या आकड्याचे फारसे नवल वाटू नये. दीड, अडीच, साडेतीन असे स्वतंत्र शब्द घडवून या भाषेने अपूर्णांकालाही व्यवहारात पूर्णांकाइतकाच मान दिला आहे. पण कलाविचारात मात्र आपण पूर्णत्वाचेच उपासक राहिलो. साहित्यकृती म्हणजे एकसंध, स्वयंपूर्ण, सेंद्रिय घटना, हे सूत्र आपल्या समीक्षेने इतकी वर्षे घोकले आहे की अपुऱ्या कृतीविषयी बोलण्यासाठी आपल्याजवळ परिभाषाच उरलेली नाही. प्रस्तुत निबंधात मी त्या अपुरेपणाविषयी, म्हणजे या चित्रपटाविषयी आणि काही अंशी माझ्याविषयी, लिहिणार आहे.

चित्रपटाला आधी सुचवले गेलेले एक नाव होते. पटकथालेखकांपैकी एन्नियो फ्लायानो याने सुचवलेल्या त्या नावाचा अर्थ 'सुंदर गोंधळ' असा होतो. इटालियन शब्दात केवळ विस्कळीतपणा आहे. मराठी शब्दात त्याखेरीज आणखी एक अर्थ दडलेला आहे. संबळाच्या तालावर, दिवटीच्या उजेडात देवीपुढे रात्रभर घातला जातो तोही गोंधळच. एकाच शब्दात अव्यवस्थाही आणि विधीही नांदावा, हे भाषेने सहज केलेले भाष्य आहे. त्याच्याकडे शेवटी वळावे लागेल.

कथानक म्हणावे तर ते दोन वाक्यांत संपते. त्रेचाळीस वर्षांचा नामवंत दिग्दर्शक ग्वीदो आन्सेल्मी प्रकृतीसाठी एका आरोग्यधामात आला आहे. त्याच्या चित्रपटासाठी निर्मात्याने अवकाशयानाच्या उड्डाणतळाचा प्रचंड सांगाडा उभारला आहे, नटनट्या वाट पाहत आहेत, पत्रकार पिच्छा पुरवीत आहेत, आणि ग्वीदोजवळ सांगण्यासारखे काहीही नाही. आरोग्यधामातला दिनक्रम, बालपणाच्या स्मृती, स्वप्ने आणि दिवास्वप्ने यांच्या सरमिसळीतून चित्रपट पुढे सरकतो. फेलिनीची स्वतःची अवस्था याहून वेगळी नव्हती. त्याने पुढे सांगितलेली हकीकत अशी : चित्रपट सोडून देत असल्याचे पत्र तो निर्माता आंजेलो रिझोली याला लिहीत बसला होता. तेवढ्यात चिनेचित्ता या रोममधील स्टुडिओतल्या कामगारांनी आपल्या एका सोबत्याच्या वाढदिवसासाठी त्याला बोलावून नेले. तेथे नव्या चित्रपटाला यश चिंतून पेले उंचावले गेले, आणि आपण किती जणांना फसवतो आहोत या शरमेच्या क्षणी त्याला सुचले की, कोणता चित्रपट करायचा होता हेच विसरलेल्या दिग्दर्शकाचा चित्रपट करता येईल. हकीकत शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. फेलिनी आपल्या आयुष्याच्या कथा रचण्यात वाकबगार होता. मात्र तिच्यातला एक तपशील मला मोलाचा वाटतो. सुचण्याचा क्षण एकांतातल्या चिंतनाचा नाही; तो चारचौघांत, दुसऱ्याच्या आनंदात सामील असताना, लाज वाटण्याचा आहे.

मी हा चित्रपट प्रथम पाहिला तो १९७४ साली, पुण्यात, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. त्या काळी माझ्या चार-पाच कथा छापून आल्या होत्या, आणि नवकथेने रूढ केलेला संज्ञाप्रवाह हा आमच्या वादविवादांचा लाडका विषय होता. त्यामुळे पडद्यावर जे दिसले त्याने मी दिपून गेलो. आरंभीच वाहनांच्या गर्दीत अडकलेली मोटार, आत कोंडत चाललेला धूर, काचेवर फिरणारे हात, आसपासच्या मोटारींतले निश्चल चेहरे. ऐकू येतो तो प्रामुख्याने गुदमरणाऱ्या माणसाचा श्वास. मग तो माणूस टपावरून बाहेर निसटतो, ढगांत तरंगतो, आणि खाली समुद्रकिनाऱ्यावर उभा असलेला कोणी त्याच्या पायाला बांधलेली दोरी पतंगाच्या मांज्यासारखी खेचून त्याला खाली ओढतो. या दृश्यामुळे चित्रपटावर अतिवास्तववादाचा शिक्का बसला, तो अर्धाच योग्य आहे. आंद्रे ब्रेताँच्या १९२४ च्या जाहीरनाम्याला अभिप्रेत असलेला अतिवास्तववाद, किंवा बुन्युएल आणि दाली यांच्या १९२९ च्या लघुपटात दिसतो तो, स्वप्नाला धनी ठेवत नाही. जाणिवेचे नियंत्रण उठवणे हेच त्याचे उद्दिष्ट. फेलिनीच्या स्वप्नांना धनी आहे. ती ग्वीदोची आहेत, त्याच्या भीतीची आणि सोयीची आहेत. वेगळे आहे ते एवढेच की, जागेपण कोठे संपले आणि स्वप्न कोठे लागले याची सूचना कॅमेरा देत नाही. ज्यान्नी दी व्हेनान्झोच्या कृष्णधवल छायाचित्रणात आरोग्यधामातली भर दुपार स्वप्नापेक्षाही अधिक पांढरी, अधिक अविश्वसनीय भासते.

त्या पहिल्या खेळातली आणखी एक गोष्ट मनात रुतून बसली. एक मनकवडा जादूगार ग्वीदोच्या मनातले शब्द ओळखतो आणि त्याची सहकारी ते फळ्यावर लिहिते : 'आसा नीसी मासा'. कोणालाच अर्थ लागत नाही. पाठोपाठ ग्वीदोचे बालपण उलगडते. द्राक्षरसाच्या पिंपात आंघोळ घातलेली मुले, उबदार चादरी, आणि अंधारात एका मुलीने कानाशी उच्चारलेला हा मंत्र. ही मुलांची गुप्त भाषा आहे. प्रत्येक अक्षरानंतर 'स'चे एक अक्षर घालून केलेली. ती अक्षरे गाळली की उरते 'आनिमा', म्हणजे आत्मा. आणि कार्ल युंगच्या परिभाषेत पुरुषाच्या नेणिवेतली स्त्रीप्रतिमा. त्या सुमारास फेलिनी रोममधले युंगपंथी विश्लेषक एर्न्स्ट बेर्नहार्ट यांच्याकडे जात होता आणि आपली स्वप्ने चित्रांसह नोंदवून ठेवत होता, हे ठाऊक असले तर संदर्भ लागतो. मला मात्र युंगआधी आठवली ती आमची 'च'ची भाषा. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी असलेली माझी बहीण आक्का आणि मी थोरल्यांपासून लपवायचे ते सारे त्या भाषेत बोलत असू. निर्मितीचा उगम कोठे, या प्रश्नाला फेलिनीने दिलेले उत्तर किती साधे आहे! तो अशा भाषेत आहे जी दोघांनाच कळते, आणि फळ्यावर लिहिली की निरर्थक होते.

चित्रपटाची दुसरी भेट १९९२ साली, एका मित्राने परदेशातून आणलेल्या कॅसेटवर झाली. मधल्या काळात मी महाविद्यालयात साहित्य शिकवू लागलो होतो. कथालेखन थांबले होते, समीक्षालेखन वाढले होते, आणि एक कादंबरी दोनशे दहा पृष्ठांवर येऊन अडली होती. या खेपेला माझे लक्ष ग्वीदोपेक्षा दोमिए या पात्राकडे लागले. दोमिए समीक्षक आहे. ग्वीदोने संहितेवर मत देण्यासाठी त्याला बोलावले आहे, आणि चित्रपटभर तो सावलीसारखा त्याच्या मागे असतो. संहितेत मध्यवर्ती कल्पना नाही, प्रतीके उसनी आहेत, स्मृतिरंजनाला विचाराचा आधार नाही, असे तो सौम्य, काटेकोर शब्दांत सांगत राहतो. वाचकाच्या लक्षात यावे ते हे की दोमिए कोठेही चुकत नाही. आपण हा चित्रपट पाहताना जे आक्षेप घेऊ, ते त्याने आधीच घेऊन ठेवलेले असतात. म्हणूनच चाचणीच्या वेळी अंधाऱ्या प्रेक्षागृहात ग्वीदो नुसते बोट उचलतो, आणि त्याच्या कल्पनेत दोघे जण दोमिएला टोपडे घालून फासावर चढवतात. पुढच्याच क्षणी दोमिए आपल्या खुर्चीत जसाच्या तसा बसलेला असतो. समीक्षकाला मारता येते. त्याचे म्हणणे खोडता येत नाही.

अखेरीस पत्रकार परिषदेचा फज्जा उडतो, ग्वीदो टेबलाखाली शिरतो, पिस्तुलाचा आवाज होतो. आणि मग चित्रपट रद्द झाल्याचे आपल्याला समजते. सांगाडा उतरवायला माणसे लागतात. मोटारीत शेजारी बसलेला दोमिए ग्वीदोचे अभिनंदन करतो. जगात निरर्थक वस्तूंची गर्दी आधीच झालेली आहे. आवश्यक नसलेले निर्माण करण्यापेक्षा न केलेले बरे. मालार्मेने कोऱ्या कागदाचा गौरव केला, रँबोने कविताच सोडून दिली, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. १९९२ मध्ये हे ऐकताना मला आपलेच निबंध कोणी वाचून दाखवत असल्याचा भास झाला. थोडे लिहिणाऱ्यांविषयी, लिहिणे थांबवणाऱ्यांविषयी आपल्या साहित्यव्यवहारात एक आदर आहे. मौन ही सचोटीची परमावधी मानली जाते. हा आदर निराधार नाही. दर दिवाळीला साचणारे शब्दांचे ढीग पाहिले की दोमिएचे म्हणणे मान्य करावेसे वाटते. परंतु त्याच्या तर्कात एक मेख आहे. कृती जन्माला येण्याआधीच तिने आपल्या अस्तित्वाचे समर्थन करावे, अशी त्याची मागणी असते. अशा मागणीपुढे कोणतीही कृती टिकणार नाही, कारण कृतीचे समर्थन कृतीतच असते, आणि ती तर अजून झालेली नाही. निर्मितीचा अवरोध म्हणजे सुचण्याचा अभाव नव्हे. ग्वीदोला फार सुचते. त्याची कोंडी होते ती प्रत्येक सुचण्याला आधी निर्दोषत्वाचा दाखला मागितल्यामुळे.

गजानन माधव मुक्तिबोध या मराठी मातृभाषेच्या हिंदी कवीने कलेचे तीन क्षण सांगितले आहेत. 'तीसरा क्षण' हा त्याचा लेख १९६४ साली पुस्तकरूपाने आला, म्हणजे या चित्रपटाच्या पाठोपाठच. पहिला क्षण उत्कट जीवनानुभवाचा. दुसरा, तो अनुभव मूळ वेदनेपासून अलग होऊन फँटसीचे रूप घेतो तो. तिसरा, ती फँटसी शब्दबद्ध होण्याच्या प्रक्रियेचा. ग्वीदो दुसऱ्या क्षणात मुक्कामाला आहे. त्याच्या फँटसी मूळ वेदनेपासून इतक्या सहजी अलग होतात की ती वेदना कोणाची होती याचा त्याला विसर पडतो. आणि ती बहुधा दुसऱ्याची असते.

येथे लुईझाकडे यावे लागते. लुईझा ही ग्वीदोची पत्नी. आनूक एमेने ती साकारली आहे, चष्म्यातून सरळ पाहणारी, लवकर न हसणारी. ग्वीदोची प्रेयसी कार्ला त्याच गावात येऊन राहिली आहे. उपाहारगृहाच्या आवारात ती दिसते, आणि ग्वीदो नेहमीच्या सराईतपणे खोटे बोलतो. लुईझा चिडते ती प्रेयसीपेक्षा त्या सराईतपणावर. त्यावर ग्वीदो काय करतो? डोळ्यांवरचा चष्मा खाली ओढून तो कल्पनेत दोघींना मैत्रिणी करून टाकतो, हातात हात घालून नाचायला लावतो. पाठोपाठ येतो तो जनानखान्याचा प्रसिद्ध प्रसंग : बालपणीच्याच घरात साऱ्या स्त्रिया त्याच्या सेवेला सज्ज, वय झालेलीची माडीवर रवानगी, बंड झाले की चाबूक, आणि लुईझा डोक्याला फडके बांधून, प्रसन्न चेहऱ्याने फरशी पुसते आहे. फेलिनी हे लपवत नाही, त्याची टिंगलही करतो, एवढ्याने हिशेब पुरा होतो का? पुढे नटींच्या चाचण्या दाखवल्या जातात. पडद्यावर एक अनोळखी नटी चष्मा लावून लुईझाचे, तिच्या घरातले, तिच्या भांडणातले शब्द बोलते आहे. आणि अंधारात खरी लुईझा ते पाहते आहे. ती उठून निघून जाते. जाताना ग्वीदोला ऐकवते त्याचा आशय असा की, परक्यांना सत्य शिकवायला निघालेल्या माणसाने जवळच्या माणसाशी कधी खरे बोलून पाहिले आहे काय. संपूर्ण चित्रपटात दोमिएपेक्षा अधिक जड असे समीक्षावाक्य हेच आहे.

माझी कादंबरी आमच्या घरावर होती. मध्यभागी आक्का होती; वडिलांच्या आजारपणात तिचे सुटलेले शिक्षण, मोडलेले लग्न, आम्हा भावंडांसाठी तिने केलेली नोकरी. दोनशे दहा पृष्ठे लिहून झाल्यावर मी ती तिला वाचायला दिली. आठवड्याने तिने कागद नीट दोऱ्याने बांधून परत दिले. रागावली नव्हती. कोणता तपशील खोटा आहे, असेही म्हणाली नाही. एवढेच म्हणाली, "सगळं झालं तसंच लिहिलं आहेस. पण यातली आक्का एकदाही हसत नाही रे." त्यानंतर कादंबरी पुढे गेली नाही. लोकांनी विचारले तेव्हा मी निर्मितिप्रक्रियेविषयी बोललो, आणि ते बोलणेही खोटे नव्हते. आपल्या माणसाचे दुःख शब्दांत पुरेपूर उतरते आणि तो माणूस मात्र निसटतो, हा प्रश्न तंत्राचा की नीतीचा, हे मला तेव्हा ठरवता आले नाही. आजही पूर्णपणे येत नाही.

आक्का २०१७ साली गेली. फेलिनीच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०२० मध्ये, मी हा चित्रपट तिसऱ्यांदा पाहिला. प्रत उत्तम होती, आणि प्रथमच जाणवले की हा चित्रपट किती विनोदी आहे. स्वप्नात भेटलेले ग्वीदोचे मृत वडील परलोकाविषयी काही सांगत नाहीत. थडग्याचे छत फार बुटके झाले म्हणून कुरकुरतात. चित्रीकरणाच्या काळात फेलिनीने कॅमेऱ्यापाशी एक चिठ्ठी लावून ठेवली होती, ती हा विनोदी चित्रपट आहे याची स्वतःला आठवण देण्यासाठी. ही केवळ एक चमत्कृतीपूर्ण कथा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात एक कलासिद्धान्त दिसतो. दुःखाची संगती लावता येते, म्हणून लेखणी तिकडे धावते. हसणे संगतीत बसत नाही. ते त्या माणसाचे स्वतःचे असते, त्यावर लेखकाची मालकी चालत नाही. जनानखान्यातली लुईझा हसते ते ग्वीदोचे हसणे आहे. आणि अंधारात चाचण्या पाहणारी लुईझा, जिच्यावर ग्वीदोचा काहीच इलाज चालत नाही, ती कोणाचीही निर्मिती वाटत नाही.

क्रिस्तियाँ मेट्झ या फ्रेंच सिद्धान्तकाराने १९६६ साली या चित्रपटाच्या रचनेचे मर्म सांगितले : ग्वीदोचा चित्रपट आपल्याला कधीच दिसत नाही, कारण आपण पाहतो तोच तो आहे, आरशात आरसा धरावा तशी ही रचना स्वतःलाच आपल्या पोटात घेते. हे विवेचन आता पाठ्यपुस्तकी झाले आहे आणि ते खरेही आहे. पण त्यातून शेवटच्या प्रसंगाचा उलगडा होत नाही. आत्मसंदर्भ ही रचनेची कसोटी आहे. शेवटी जे घडते ते रचनेपलीकडचे आहे. मूळचा शेवट आगगाडीच्या भोजनयानात घडत होता. तो चित्रितही झाला होता. फेलिनीने तो बाजूला ठेवला, आणि जाहिरातपटासाठी चित्रित केलेले दृश्य शेवट म्हणून घेतले. मोटारीत दोमिए बोलतोच आहे. तेवढ्यात तो जादूगार येऊन सांगतो, सगळे तयार आहे. दोमिएचा आवाज क्षीण होत जातो. त्याला उत्तर मात्र कोणी देत नाही. पांढऱ्या वस्त्रांत एकेक जण येऊ लागतो : आई, वडील, कार्ला, लहानपणी किनाऱ्यावर पोरांसाठी नाचणारी सारागीना, धर्मगुरू, निर्माता, जिवंत आणि मृत असा भेद नाही. नीनो रोटाच्या सर्कशीच्या सुरावर विदूषकांचे बँडपथक वाजवत येते, आणि सारे हातात हात धरून रिंगण धरतात.

हा गोंधळ आहे, मराठी शब्दाच्या दोन्ही अर्थांनी. आपला गोंधळी काय करतो? तो गुंता सोडवत नाही. तो एकेका ठिकाणच्या दैवताला नाव घेऊन बोलावतो; तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, घरचे कुलदैवत, कोणी वगळले जाऊ नये याची काळजी घेत. बोलावणे पुरे झाले की विधी सुरू होतो. ग्वीदोच्या अव्यवस्थेचेही असेच होते. तिचा अर्थ लागत नाही. तिच्यातल्या साऱ्यांना बोलावणे जाते. मात्र एक भेद आहे, आणि त्यावर या चित्रपटाची नैतिक मदार आहे. ग्वीदो लुईझाला, आहे तसे मला स्वीकार, अशी विनवणी करतो. तिचे उत्तर होकार नाही. तू म्हणतोस ते खरे आहे की नाही मला ठाऊक नाही, पण तू साथ दिलीस तर प्रयत्न करून पाहीन, असे ती सांगते. रिंगणात तिचा हात येतो तो या अटीसह. ते रिंगणही ग्वीदोनेच कल्पिलेले असल्याने तिला तेथे तिचे उत्तर पूर्ण मिळाले असे म्हणता येणार नाही. तिच्या बाजूची अर्धी बाकी चित्रपट चुकती करत नाही.

पण ती खोडतही नाही. दोमिएला हवा होता तो कोरा कागद. तेथे कोणाचेच देणे राहत नाही, आणि म्हणून कोणाची भेटही होत नाही. लिहिलेल्या कागदावर देणे राहते. शेवटी रिंगण ओसरते, अंधार होतो, पांढऱ्या कपड्यांतला लहानगा ग्वीदो बासरी वाजवत प्रकाशाच्या एका वर्तुळात एकटा उरतो, मग तोही जातो. यातून पुढचा चित्रपट होईलच, असे आश्वासन कोणी दिलेले नाही. हिशेब साडेआठवर थांबतो. तो नऊवर नेण्यासाठी जे अर्धे लागते ते कलावंताजवळ नसते; ज्यांच्याविषयी तो लिहितो, त्यांच्याजवळ असते, आणि त्यांच्यापैकी काही जण तर आता मागायला गेले तरी भेटणार नाहीत. तेवढे अपुरेपण जमेस धरून लिहिणे, एवढेच लेखकाच्या हाती राहते.